बोरघाटातील पडकी वाट

पावसाळा सरून डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागले, की शनिवार-रविवारी सह्याद्रीकडे धाव घेणाऱ्या मंडळींचे जथे लोणावळा-मळवलीला उतरू लागतात. कोणी लोहगडाची वाट धरतो, कोणी भाज्याच्या लेण्यांची, तर कोणी कार्ल्याच्या एकवीरेची. २०२५ च्या जुलैत ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला व त्यांत लोहगडाचाही समावेश झाला; तेव्हापासून ही गर्दी वाढली असल्यास नवल नाही. पाठीवर पिशवी टाकून, शिदोरी बांधून इतिहासाच्या भेटीस जाण्याची ही आवड महाराष्ट्रात शाळामास्तरांनी आणि चाकरमान्यांनी रुजविली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. तथापि मुंबईहून येणारी ही इतिहासप्रेमी मंडळी ज्या घाटातून येतात, त्या घाटातील अवशेषांकडे त्यांच्यापैकी क्वचितच कोणी वळून पाहतो. कर्जत सुटते, बोगद्यामागून बोगदा येतो, मुले बोगदे मोजतात, मोठी माणसे खिडकीतून धबधबे पाहतात, आणि खंडाळा आले की सामानाची आवराआवर सुरू होते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसे राबत होती, त्या कामाचा एक टाकून दिलेला तुकडा रानात पडून आहे, याची वार्ता गाडीतल्या कोणासही नसते.

खंडाळ्याहून जुन्या खोपोली रस्त्याच्या अंगाने घाटाच्या कड्याकडे पायी निघाले, म्हणजे या टाकून दिलेल्या मार्गाच्या खुणा भेटू लागतात. समोर नागफणीचा सुळका, खाली खोपोलीकडे उतरत गेलेली दरी, आणि मध्येच, जेथे रेल्वे असण्याचे काही कारण दिसत नाही अशा जागी, काळ्या दगडाचे घडीव बांधकाम. डोंगराच्या बगलेत कोरून काढलेली सपाटी पाहूनच ती निसर्गाची नव्हे, हे ध्यानात येते. कारवीच्या आणि घाणेरीच्या झुडपांनी ती झाकली आहे. दगडांच्या सांध्यांत पिंपळ-वडांनी मुळे घातली आहेत. येथे मूर्ती नाही, शिलालेख नाही, बुरूज नाही. त्यामुळे वाट चुकून आलेला पांथस्थही हे एखाद्या जुन्या बंगल्याचे जोते असेल, असे समजून पुढे निघून जातो.

ही सपाटी म्हणजे १९२९ साली वापरातून गेलेल्या ‘रिव्हर्सिंग स्टेशन’च्या मार्गाचा भाग. आजच्या प्रवाशास ही युक्ती समजावून सांगावी लागते. कोकणातून देशावर चढताना रेल्वेला सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची उंची गाठावयाची होती. कोठे कोठे चढ इतका उभा, की सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर गेलेली असे. वाफेच्या इंजिनाला याहून अधिक चढ झेपण्यासारखा नव्हता, आणि कड्याला वळसा घालावा तर डोंगरात तेवढी जागा नव्हती. तेव्हा इंजिनिअरांनी गाडी सरळ डोंगराच्या एका सोंडेवर नेऊन थांबविली. तेथे पुढचे इंजिन सोडवून मागच्या टोकाला लावीत. जो डबा शेवटचा होता तो पहिला होई आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागे. घाट चढणाऱ्या बैलाला गाडीवान जसा वळणावर दम खाऊ देतो, तसाच हा प्रकार. साठ-पासष्ट वर्षे ही खटपट चालली. पुढे गाड्या लांबत गेल्या, वर्दळ वाढली, तशी ही सोंड अडचणीची होऊ लागली. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण होत असताना नवे लांब बोगदे खणून मार्ग बदलण्यात आला आणि १९३० च्या जूनमध्ये ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली, ती या सोंडेला वळसा देऊनच. जुना मार्ग रानाला देऊन टाकण्यात आला.

या मार्गाची थोरवी केवळ यंत्रविद्येची असती, तर तिची आठवण ठेवण्याचे काम रेल्वेच्या अभियंत्यांवर सोपविता आले असते. पण या दगडांखाली दुसरा एक इतिहास आहे आणि तो सर्वसामान्य माणसाचा आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने घाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू केले, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. दरम्यानची सात वर्षे खालचा लोहमार्ग खोपोलीपर्यंत आणि वरचा, १८५८ पासून, खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत चालू होता. मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून किंवा पायी ओलांडावयाचा. या मधल्या तुकड्यासाठी पंचवीस बोगदे खणावे लागले, त्यांची एकूण लांबी दोन मैलांहून अधिक भरते. कातळ सह्याद्रीचा, म्हणजे पहारीला दाद न देणारा. काही ठिकाणी तर पाय ठेवायलाही जागा नव्हती. कड्याच्या माथ्यावरून माणसे दोराने खाली सोडीत आणि ती अधांतरी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. पावसाळ्याचे चार महिने काम बंद. पाऊस थांबला की मुकादम गावोगाव माणसे गोळा करीत आणि डोंगरात पुन्हा झोपड्यांची गावे उठत. दगडमातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले वडार त्यांत होते, कोकणातले व देशावरचे भूमिहीन होते, बायका होत्या आणि पोरेही होती. १८६०-६१ च्या हंगामात या घाटात राबणाऱ्यांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. त्या काळी महाराष्ट्रातील कितीतरी नामांकित गावांची वस्तीही एवढी नव्हती.

या माणसांचे पुढे काय झाले? पटकीच्या साथींनी त्यांच्या छावण्या ओस पाडल्या. अपघात नित्याचे होते. आणि मजुरी वेळेवर मिळत नसे. कामाचा मूळ ठेका फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदाराकडे होता. त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि या साखळीच्या अगदी तळाशी मजूर. वरून निघालेला पैसा खाली पोहोचेपर्यंत आटत जाई. अखेर १८५९ च्या जानेवारीत कर्जतच्या परिसरात थकलेल्या मजुरीसाठी मजुरांनी दंगा केला. सरकारला चौकशी बसवावी लागली. त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला, नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन काही आठवड्यांतच मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका स्वतःच्या नावे चालवून काम तडीस नेले. त्या बाईच्या धैर्याचे कौतुक इंग्रजी ग्रंथांतून झाले आहे आणि ते रास्तच आहे. पण मजुरांच्या त्या दंग्याचे दुसरे एक फळ अधिक टिकाऊ ठरले. १८६० साली सरकारने रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंट्यांसाठी कायदा केला. मजुरीची तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची सोय त्यात होती; परंतु काम सोडून जाणाऱ्या, म्हणजे करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही त्याच कायद्याने केली. हिंदुस्थानातील मजूरविषयक कायद्यांच्या अगदी आरंभीच्या पानांवर अशा रीतीने बोरघाटाची मोहोर उमटली आहे. कामगारविषयक कायद्यांची कलमे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट त्या घाटातच उभे करून सांगितली, तर ती परीक्षेनंतरही त्यांच्या लक्षात राहील.

कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत शेटसावकारांची नावे आहेतच. पण धेनुकाकट येथील सामी नावाच्या एका सुताराचेही नाव आहे. त्याने दाराचे काम केले, म्हणून ते त्याच्या बापाच्या नावासह दगडात कोरले गेले. दोन सहस्रकांपूर्वीच्या समाजाला एका सुताराची नोंद दगडात असावी, असे वाटले. त्याच डोंगररांगेत, कार्ल्यापासून काही मैलांवर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेचाळीस हजार माणसे राबली. गव्हर्नराचे, इंजिनिअरांचे, ठेकेदारांचे नाव ग्रंथांत राहिले, आणि त्या बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव घाटातल्या दगडावर नाही.

एकाचेही नाही, हे म्हणणे मात्र संपूर्ण खरे नव्हे. जुन्या महामार्गावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. मोटारी हाकणारे आजही तेथे गाडी हळू करतात, नाणे टाकतात, नारळ वाढवितात. शिंग्रोबा हा धनगर होता, साहेबांना घाटातून वाट सापडेना तेव्हा आपल्या मेंढरांची वाट त्याने दाखविली, बक्षीस माग म्हणताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि म्हणून त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा सांगतात. रेल्वेच्या कागदपत्रांत या कथेला आधार शोधू जाणे व्यर्थ आहे. इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे मोजणी करून मार्ग आखल्याचे पुरावे विपुल आहेत. पण म्हणून ही कथा टाकून देण्याजोगी ठरत नाही. घाटाची वाट आधीपासून चालणाऱ्यांना ठाऊक होती, तिचे श्रेय दुसऱ्यांनी घेतले आणि ज्यांच्या जिवावर ती बांधली गेली त्यांच्या वाट्याला मरण आले, एवढा आशय त्या कथेत लोकांनी जपून ठेवला आहे आणि तेवढा आशय इतिहासाशी विसंगत नाही. सरकारने स्मारक उभारले नाही, तेव्हा लोकांनी देऊळ उभारले. हा आपल्याकडचा नेहमीचाच क्रम आहे.

आता कोणी विचारील, की परक्या कंपनीने परक्यांच्या सोयीसाठी बांधलेल्या लोहमार्गाचे हे कौतुक कशाला? प्रश्न अवाजवी नाही. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती आणि तोटा आला तर ते व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथल्या रयतेच्या साऱ्यातून, भरावयाचे होते. घाट खुला झाला तो अमेरिकेतील यादवी युद्धाच्या ऐन काळात. तिकडचा कापूस अडला होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांना येथला हवा होता. दादाभाईंनी आणि त्यांच्या नंतरच्या अर्थवेत्त्यांनी या व्यवहाराचे वाभाडे काढले, ते योग्यच होते. परंतु म्हणूनच तर या दगडांचा संबंध आपल्याशी अधिक आहे! भांडवलावरील व्याजाची झळ येथल्या शेतकऱ्याने सोसली आणि श्रम येथल्या मजुराने केले. मग हे काम परक्यांचे म्हणून त्यावरील हक्क सोडून देणे, म्हणजे त्यांना ते दुसऱ्यांदा बहाल करणे होय. त्याच कंपनीने मुंबईत बांधलेले टोलेजंग स्थानक, व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणून जे उभे राहिले आणि आता छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते, ते २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. कळस जगाने पूजिला. ज्या पायावर त्या कंपनीचे ऐश्वर्य उभे राहिले, तो पाया घाटात झुडपांखाली पडून आहे.

परदेशांत याबाबत निराळी दृष्टी दिसते. इंग्लंडात सेव्हर्न नदीवरचा १७७९ सालचा ओतीव लोखंडाचा पूल आणि त्याभोवतालच्या भट्ट्या १९८६ सालीच जागतिक वारसा ठरल्या. वेल्समधील ब्लेनाव्हॉन येथील ‘बिग पिट’ ही कोळशाची खाण १९८० साली बंद पडली आणि १९८३ साली लोकांना पाहण्यासाठी खुली झाली; पाहुण्यांना खाली नेऊन माहिती सांगण्याचे काम तेथे त्याच पेशातून आलेल्या माजी खाणकामगारांकडे देण्यात आले. बंद पडण्यात आणि खुली होण्यात अंतर किती, तर तीन वर्षांचे! आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या एकामागून एक थंडावल्या, धुराडी पाडली गेली, आणि साचेखात्यात ज्यांची हयात गेली अशा कामगारांना कोणी बोलते करण्यापूर्वीच तेथे काचेचे मनोरे उभे राहिले. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिलही बंद झाली. तिच्या जागेवरही बाजारसंकुल उभे आहे. जमिनीला भाव आला की आठवणीला जागा उरत नाही. बोरघाटातील अवशेष शिल्लक राहिले, ते आपल्या दक्षतेने नव्हे. तेथे इमारत बांधणे कोणास परवडत नाही म्हणून.

आणि तेथेही सर्वच सुरक्षित आहे असे नाही. जुन्या रस्त्यावरचा १८३० सालचा पूल, वेदनाशामक मलमाच्या जाहिरातफलकावरून ज्याला लोक ‘अमृतांजन पूल’ म्हणू लागले, तो द्रुतगती महामार्गावरील वाहतुकीस अडथळा होतो म्हणून २०२० च्या एप्रिलमध्ये, देश टाळेबंदीत घरी बसला असताना, सुरुंग लावून पाडण्यात आला. महामार्गावरील अपघात आणि कोंडी यांचा विचार करता तो पाडणे अपरिहार्य होते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे सहज खोडून काढता येणार नाही. पण १९० वर्षांच्या वास्तूला निरोप देताना तिचे मोजमाप, आराखडे, छायाचित्रे, तिच्या बांधणीतील चिऱ्यांचे नमुने एखाद्या जागी मांडून ठेवले असते, तर वाहतूक अडली नसती. रस्ता रुंद करणे आणि नोंद ठेवणे या दोन गोष्टींत वैर नाही.

केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. घाटातील बांधकामांनी ती कधीच ओलांडली. अडचण वयाची नाही. रेल्वे, महामार्ग, वनखाते व महसूलखाते अशा चौघांच्या हद्दी तेथे एकमेकींत गुंतल्या आहेत आणि चौघांची जबाबदारी असली, की ती कोणाचीच नसते, हा कचेरीत काम करणाऱ्या कोणाही माणसाचा अनुभव आहे. म्हणून मोठ्या योजनेची वाट पाहण्यात अर्थ नाही. घाटातील टाकलेल्या मार्गाची, पुलांच्या अवशेषांची, भिंतींची मोजणी करून यादी करणे हे पहिले काम. हे काम एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दोन हिवाळ्यांत करू शकतील. दुसरे काम दप्तरातले. मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, त्या काळच्या सरकारी खात्यांचे रुमाल आहेत. इतिहासाच्या पदवीधरांनी नव्या विषयासाठी धडपडण्यापेक्षा त्यांतील रेल्वेच्या बांधणीचे कागद मराठीत आणले, तर मजुरांच्या, मुकादमांच्या, साक्षीदारांच्या ज्या काही खुणा असतील त्या उजेडात येतील.

तिसरी गोष्ट चालणाऱ्यांची. या अवशेषांपर्यंत जाणारी सुरक्षित पायवाट जुन्या रस्त्याच्या बाजूने आखून तिच्यावर मराठी पाट्या लावाव्यात. चालू लोहमार्गावरून चालणे हा गुन्हा आहे आणि घाटात तर तो आत्मघात आहे. २०२३ च्या पावसाळ्यात दूधसागरला रुळांवरून निघालेल्या शेकडो पर्यटकांना रेल्वेला अडवावे लागले होते. योग्य वाट दाखविली नाही, की लोक अयोग्य वाटेने जातात. शाळांच्या सहली खंडाळ्याला येतातच. राजमाचीच्या टेकडीवर मक्याचे कणीस खाऊन, दरी पाहून मुले परत फिरतात. त्यांच्या मास्तरांना हातात धरण्याजोगे चार पानांचे माहितीपत्रक मिळाले, तर ते तीच मुले आणखी थोडी चालवतील. आणि ज्या बोगद्यात गाडी शिरताच मुले आरडाओरड करतात, तो खणणाऱ्यांत त्यांच्याच वयाची पोरे होती, हे त्यांना सांगतील. आजही जड गाड्यांना घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. तेथे गाडी थांबते, प्रवासी बटाटेवडे घेतात. तेवढ्या वेळात वाचून होईल असा एक फलक त्या फलाटावरही बसू शकतो.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली त्याला १६ एप्रिल २०२८ रोजी १७५ वर्षे पुरी होतील. त्या दिवशी मुंबईच्या स्थानकात रोषणाई होईल, जुनी इंजिने रंगवून उभी केली जातील आणि टपालतिकीटही निघेल. त्या दिवसापर्यंत बोरघाटातील त्या सपाटीवरची झुडपे काढून तेथे एक साधा दगड उभारता येईल. त्यावर काम सुरू झाल्याचे व संपल्याचे साल असावे, बेचाळीस हजारांचा आकडा असावा, १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी झालेल्या दंग्याचा उल्लेख असावा. आणि दप्तरातून जी नावे हाती लागतील, ती कोरण्यासाठी खाली बरीचशी जागा मोकळी सोडावी.